पांढऱ्या चिरपीचे अभ्रे

मी, विनिता शशिकांत चांदोरकर, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय रशियनमधून इंग्रजीत भाषांतर, राहणार पोरिरुआ, न्यूझीलंड, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, मराठीत, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भरदिवसा लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकेल असे माणूस आता या घरात राहिलेले नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. हे केवळ मी म्हणते म्हणून कोणी मानू नये. माझ्या मुलानेच मला गेल्या फेब्रुवारीत स्मरणशक्तीच्या तपासणीला नेले होते, तिथल्या डॉक्टरबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र, ज्यात सर्व काही मुलाच्या नावे होते, ते मी रद्द करते.

माझ्या वकीलबाईंनी बजावले आहे की या देशात पोटच्या मुलाला डावलले तर तो कोर्टात दाद मागू शकतो, म्हणून कारणे नोंदवावीत. कारणे नोंदवली आहेत. कागद लांबला असेल तर तो कारणांमुळे लांबला आहे.

कलम १. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी सलोनी गुरव हिला नेमते. ती मूळची इस्लामपूरची, इथे शिकायला आली आणि राहिली, आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरची डेअरी चालवते. (भारतातल्या कोणाच्या हाती हा कागद पडला तर, डेअरी म्हणजे इथे दूध-ब्रेडचे छोटे दुकान.) ती भांडखोर आहे म्हणून तिला निवडले. माझ्या मुलाला गोड बोलता येते, आणि गोड बोलण्याला बधत नाही असे माणूस माझ्या ओळखीत हे एकच आहे. तिला मी काही ठेवत नाही. तिने काही मागितले असते तर तिला नेमलेच नसते.

कलम २. या कागदाचे इंग्रजी भाषांतर लागेल. ते वेलिंग्टनमधल्या कोणत्याही नोंदणीकृत भाषांतरकाराने करावे. माझी एकच विनंती: माझे बोलणे मऊ करू नये. चाळीस वर्षे हे काम केले आहे. माणसे भाषांतरकाराला पैसे अर्थासाठी देतात आणि मनातून मात्र त्याने थोडे खोटे बोलावे असे त्यांना वाटत असते.

कलम ३. कपड्यांविषयी. माझ्या मालकीचे तीन कपडे होते. ते कुठून आले हे लिहिल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

मॉस्कोतले शिक्षण संपल्यावर १९७९ साली मी दुभाषी म्हणून अश्काबादला गेले. तुर्कमेनिस्तानची राजधानी. तिथे मला गालिना स्तेपानोव्हना भेटली. ती जन्माने कुबानची कझाक, म्हणजे दक्षिण रशियातल्या घोडेस्वार लढवय्या कोसॅकांपैकी; कझाकस्तानशी संबंध नाही. तिच्या बापाला १९३३ साली घरातून नेले, तो परत आला नाही. आईने त्याचा चेर्केस्का गादीत शिवून टाकला आणि त्या गादीवर झोपत, मुलीला घेऊन तुर्कमेनिस्तानचे वाळवंट गाठले. चेर्केस्का म्हणजे कझाकांचा गुडघ्याखाली येणारा लोकरी अंगरखा. छातीवर दोन्ही बाजूंना नळ्या खोवायच्या खोबण्या असतात. पूर्वी त्या नळ्यांत बंदुकीची दारू भरत.

गालिनाने बेर्दी नावाच्या तुर्कमेन माणसाशी लग्न केले. १९४८च्या भूकंपात तो गेला. मागे उरल्या दोघी: गालिना आणि तिची सासू. एका घरात चौदा वर्षे. सासूने सुनेला कधी नावाने हाक मारली नाही. "ए रशियन" एवढेच. सासूकडे एक पांढरी चिरपी होती. चिरपी म्हणजे तुर्कमेन बायका डोक्यावरून पांघरतात तो रेशमी भरतकामाचा झगा. त्याला बाह्या असतात, पण त्या खोट्या. पाठीवर लोंबत्या सोडलेल्या. तरुण बाईने गडद रंगाची पांघरायची, प्रौढ बाईने पिवळी, आणि पांढरी फक्त साठी ओलांडलेल्या, मान असलेल्या बाईने. मरताना सासूने ती चिरपी गालिनाच्या मांडीवर फेकली आणि म्हणाली, "घे. तुला शोभणार नाही."

गालिनाने एक पुस्तक लिहिले, बापाच्या कपड्यांवर आणि सासूच्या कपड्यांवर. कुठली शिवण कशासाठी, कुठला टाका कोण घालते, सगळे. ते तिथे कोणी छापले नाही. कझाकांचे नाव काढणे तेव्हा परवडणारे नव्हते, आणि तुर्कमेन म्हणत, ही कोण आमच्याबद्दल लिहिणारी. १९९१ साली मी तिला शेवटची भेटले तेव्हा तिने टंकलिखित प्रत, चेर्केस्का, चिरपी आणि तेल्पेक ही मेंढीच्या कातड्याची मोठी टोपी माझ्या सामानात भरली. म्हणाली, "इंग्रजीत कर. दोन्हीकडचे मेले की मग कोणीतरी वाचेल." मी हो म्हटले. भाषांतर करायला मला पोटापाण्याच्या कामातून वेळ काढत वीस वर्षे लागली. जिथे शब्द नक्की ठरत नव्हता तिथे मी जागा कोरी सोडून कंसात 'मूळ पाहा' असे लिहून ठेवत असे. म्हटले, शेवटच्या फेरीत एकदाच बसू.

कलम ४. माझ्या मुलाविषयी. माझा एकुलता मुलगा यशोधन, राहणार फ्लॅट बुश, ऑकलंड. संगणकाचे काम करतो. बायको निवेदिता, मुलगी स्वानंदी. गेल्या वर्षी जूनमध्ये मी अंगणात घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. आधी हॉस्पिटल, मग चालायला शिकवणारा वॉर्ड. यशोधन विमानाने आला. मला म्हणाला, "आई, तू काळजी करू नकोस. घर मी बघतो." माझा फोन नीट चार्ज होत नव्हता, तो त्याने दुरुस्त करून आणतो म्हणून खिशात घातला. घराची किल्ली घेतली. फोन मला दहा-बारा दिवसांनी मिळाला.

त्याने घर बघितले. म्हणजे रिकामे केले. मी आता वृद्धाश्रमात जाणार असे त्याने मनाशी ठरवले होते. मला विचारायचे तेवढे राहिले होते. गालिनाची रशियन प्रत त्याने रिसायकलिंगच्या बिनमध्ये टाकली. काठी टेकत घरी आल्यावर मी त्याला फोन करून विचारले, तेव्हा तो जे बोलला ते शब्दशः देते. "अगं, ते तुझ्या लॅपटॉपवर इंग्रजीत आहेच की! मग ते रशियन कशाला हवंय? इथे कोणाला वाचता येतं?"

मी म्हटले, "मला."

तो म्हणाला, "आई, प्लीज. तू नुकतीच बरी होतेयस."

माझ्या भाषांतरात एकतीस जागा कोऱ्या आहेत. त्या आता कोऱ्याच राहणार. गालिना नाही, तिचे मूळ नाही, आणि ती सासू ज्या शब्दांत बोलत असे ते शब्द जगात कोणालाही ठाऊक नाहीत.

कपडे त्याने ऑकलंडला नेले. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, त्याच्या ऑफिसची मिडविंटर पार्टी होती, वेष करून जायची. हे मला स्वानंदीने सांगितले. सोळा वर्षांची आहे. मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. फोनवर फोटो पाठवून म्हणाली, "आजी, डॅड वॉन फर्स्ट प्राइज! स्वीट ॲज, ना?" (इथली पोरे 'झकास'ला असे म्हणतात.) फोटोत माझ्या मुलाच्या अंगात गालिनाच्या बापाचा चेर्केस्का होता आणि डोक्यावर तुर्कमेन टोपी. गळ्यात पाटी: रशियन माफिया. छातीवरच्या खोबण्यांत त्याने वोडकाच्या लहान बाटल्या खोवल्या होत्या. पोरीवर मी रागावले नाही. तिला तो फक्त विनोद वाटला, आणि तिला वेगळे काही सांगायचे काम ज्याचे होते तो फोटोत हसत होता.

पार्टीत त्यावर वाइन सांडली. त्याने तो अंगरखा गरम पाण्यात वॉशिंग मशीनला लावला. लोकर आटली. तेहेतीस वर्षे मी तो हाताने झटकत, उन्हात घालत, डांबराच्या गोळ्या बदलत जपला. आता तो आठ वर्षांच्या मुलाला बसेल.

कलम ५. दिवाळीविषयी. फ्लॅट बुशला मुलाच्या घरी दिवाळीचा फराळ होता. मराठी मंडळातली बरीच माणसे आली होती. मी कोचावर बसले, पाठीमागची उशी सरळ करायला हात मागे नेला, आणि बोटांना टाका लागला. तो टाका मी डोळे मिटून ओळखते. पुढे ओढून पाहिले. पांढऱ्या रेशमावर लाल-पिवळी ट्यूलिप्स. अशा पाच उशा होत्या. चिरपीच्या खोट्या बाह्या टेबलावर लांब पसरल्या होत्या, त्यावर चकल्यांचे ताट.

अनुराधा सहस्रबुद्धे, मंडळाच्या सांस्कृतिक समितीतल्या, म्हणाल्या, "बघा ना, किती क्रिएटिव्ह! सासूबाईंच्या जुन्या कपड्याचं सोनं केलं निवेदिताने." त्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला होता.

मी निवेदिताला हाक मारली. ती हातात सरबताचे ग्लास घेऊन आली. मी सगळ्यांसमोर, शांत आवाजात म्हणाले, "निवेदिता, तुझ्या आईचं शवावर घातलेलं लुगडं काढून आणून मी त्याचं पायपुसणं केलं असतं, तर तू मला काय म्हणाली असतीस?"

ती म्हणाली, "आई..."

"तुला हे काय आहे ते मी दोनदा सांगितलं होतं. तुझ्या लग्नानंतर एकदा, स्वानंदी झाल्यावर एकदा. तू तेव्हा मान हलवलीस. ती मान कशाला हलवतेस, आत काही नसतं तर?" यापुढेही मी बरेच बोलले. ती उभ्या उभ्या रडत होती आणि तिच्या हातातले ग्लास एकमेकांवर वाजत होते. कोणी ते तिच्या हातून घेतले नाहीत.

यशोधनने मला हाताला धरून खोलीत नेले. दार लावून म्हणाला, "आई, तुझं डोकं फिरलंय. खरंच सांगतो. हे नॉर्मल नाहीये."

महिन्याभरात मंडळात सर्वांना कळले होते की विनिताताईंना विसरायला होते आणि त्या एकदम अंगावर येतात. फेब्रुवारीत तपासणी. डॉक्टरबाईंनी घड्याळ काढायला सांगितले, काढले. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे येतील तितकी सांगा म्हणाल्या. मी विचारले, कुठल्या भाषेत? त्यांनी बाहेर येऊन यशोधनला सांगितले की तुमच्या आई माझ्यापेक्षा तल्लख आहेत. मी त्याचा चेहरा पाहत होते. आई बरी आहे हे ऐकून मुलाचा चेहरा पडावा, हे मी पाहिले आहे.

कलम ६. निवेदिताविषयी. गेल्या महिन्यात, मे मध्ये, निवेदिता न कळवता एकटी माझ्या दारात आली. हातात पिशवी.

"यशला माहीत नाही मी इथे आलेय," ती म्हणाली.

"चहा घेणार?"

"आधी हे बघा."

तिने पाचही अभ्रे आणि टेबलावरची पट्टी उसवून चिरपी पुन्हा जोडली होती. मी खिडकीपाशी नेऊन पाहिली. "शिवण वाकडी आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे. व्हिडिओ बघून शिवली. तीन वेळा उसवली." मग ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आई, मी विचारलं होतं. कपडे घरी आले त्याच आठवड्यात, कापायच्या आधी. मला आठवत होतं तुम्ही सांगितलेलं. मी यशला म्हटलं, तू आईंना फोन कर, त्यांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. तो गॅलरीत गेला, आत येऊन म्हणाला, आई म्हणते काप हवं तर, मला आता कुठे घालायचीय."

"मला असा फोन आला नाही."

"ते मला दिवाळीच्या दिवशी कळलं. तुम्ही बोलत होतात तेव्हा. मी त्याच्याकडे बघितलं. तो चकलीचं ताट उचलून आत गेला."

"मग तू तोंड का उघडलं नाहीस?"

"एवढ्या लोकांत नवऱ्याला खोटं पाडू?"

"पाडायचं," मी म्हणाले. "मी तुला सोलत होते तेव्हा तो आत चकल्या मोजत होता."

मी तिला जवळ घेतले नाही. चहा दिला, जेवायला वाढले, आणि सलोनीच्या गाडीने विमानतळावर पोचते केले. मग यशोधनला फोन लावला.

"चिरपी कापण्याबद्दल तू मला विचारलं होतंस का?"

तो जराही थांबला नाही. म्हणाला, "हो, विचारलं होतं ना! तू तेव्हा पेनकिलर्सवर होतीस, आई. तुला आठवत नसेल."

त्या दिवसांत माझा फोन त्याच्याच खिशात होता. तो मला कोणत्या फोनवर बोलला? हे मी त्याला विचारले नाही. इथे विचारते, म्हणजे उत्तर देताना त्याला वकील करावा लागेल.

मी फार विचार केला की त्याने असे का केले. काही डाव असेल, बायकोला आणि मला एकमेकींपासून तोडायचे असेल. तसे काही नाही. त्याला फोन करायचा कंटाळा आला, एवढेच. आपण कामाला लागताना बाह्या सरसावतो. रशियन लोक हलगर्जी कामाला 'बाह्या सोडून केलेले काम' म्हणतात. माझ्या मुलाने आयुष्यभर बाह्या सोडून सर्व केले आणि निस्तरायला दरवेळी जवळची बाई पुढे केली. आधी मी होते, मग निवेदिता. हा डाव असता तर मी त्याला अर्धे घर ठेवले असते. डावाला निदान कष्ट पडतात.

कलम ७. वाटणी. (अ) पोरिरुआचे हे राहते घर, जमिनीसकट, मी माझी सून निवेदिता हिला एकटीला देते. वकीलबाईंनी तिला समजावून सांगावे की नवऱ्याचे नाव त्यात कुठेही येऊ देऊ नये. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे किंवा एखाद्या दिवशी बॅग भरून इथे येऊन राहावे. दिवाळीला मी जे बोलले त्याची ही माफी नव्हे. तिने तोंड उघडायला हवे होते हे माझे मत कायम आहे. पण यापुढे माझा मुलगा घरात खोटे बोलेल तेव्हा तिच्याकडे जायला दुसरे दार असेल, आणि ते दार आहे हे त्याला रोज ठाऊक असेल.

(आ) पांढरी चिरपीही निवेदिताची. वाकड्या शिवणीसकट. साठीच्या आत अंगावर घेऊ नये.

(इ) तेल्पेक आणि माझे सर्व शब्दकोश स्वानंदीचे. तिने रशियन शिकावे असा आग्रह नाही. टोपीत डोके घालण्यापूर्वी ती कोणाची होती हे कोणालातरी विचारावे, एवढी सवय लागली तरी पुरे.

(ई) बँकेतल्या शिल्लकीतून गालिनाचे पुस्तक इंग्रजीत छापावे. लेखिका म्हणून तिचे नाव मोठे, माझे त्याखाली लहान. कोऱ्या जागा तशाच ठेवाव्यात, कोणा विद्वानाकडून भरून घेऊ नयेत. प्रत्येक कोऱ्या जागेला तळटीप द्यावी: 'मूळ रशियन प्रत भाषांतरकर्तीचा मुलगा यशोधन चांदोरकर याने टाकून दिल्यामुळे हा शब्द उपलब्ध नाही.' एकतीस वेळा. 'वरीलप्रमाणे' असे लिहून जागा वाचवू नये.

(उ) अनुराधा सहस्रबुद्धे यांना डांबराच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटे. त्यांना जुन्या कपड्यांची आवड आहे.

(ऊ) यशोधनला आटलेला चेर्केस्का. शिवाय त्याच्या वडिलांचे घड्याळ आणि माझी गाडी, पण एका अटीवर. स्वानंदीला मराठी समजते, वाचता येत नाही. यशोधनने हा संपूर्ण कागद, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत, निवेदिता आणि सलोनी यांच्या देखत स्वानंदीला मोठ्याने वाचून दाखवावा. कुठे थांबला तर पुन्हा पहिल्यापासून. पोरीने मध्येच "डॅड, इज धिस ट्रू?" असे विचारले तर त्याने उत्तर द्यावे, ते काय द्यावे हे मी सांगत नाही. वाचायचे नसेल तर घड्याळ आणि गाडी विकून ते पैसे पुस्तकात घालावेत. चेर्केस्का मात्र दोन्ही परिस्थितीत त्यालाच.

त्याला कोर्टात जायचे असेल तर जावे. तिथे हा कागद न्यायाधीशांपुढे इंग्रजीत वाचला जाईल.

कलम ८. अंत्यविधी. दहन विद्युतदाहिनीत करावे, विधी नको, फुले नकोत. मंडळाची माणसे आली तर येऊ द्यावी. यशोधनने भाषण करू नये. तो मागून घेईल, आणि लोक म्हणतील, मुलगाच आहे, बोलू द्या. तरी बोलू देऊ नये. त्याला फार चांगले बोलता येते आणि पाच मिनिटांत सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येऊन माझे आयुष्य त्याचे होऊन जाईल. त्याला पहिल्या रांगेत बसवावे. रडला तर रडू द्यावे. त्याच्या पाठीवर कोणी हात ठेवू नये.

येथवर लिहिलेले मी पुन्हा एकदा वाचले. खाडाखोड नाही. यातला एकही शब्द बदलावा असे मला वाटत नाही.

सही: विनिता शशिकांत चांदोरकर

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना वरील बाईंनी आमच्या समोर सही केली आणि त्यानंतर त्यांच्या समोर आम्ही केली. आम्हाला यात काहीही मिळणार नाही.

साक्षीदार १: शुभम ज्ञानेश्वर वाकोडे, बस-चालक, राहणार पोरिरुआ. (मला मराठी येते. मी वाचले नाही. काकूंनी नको म्हटले.)

साक्षीदार २: लोसा तुइआला, शेजारीण, निवृत्त परिचारिका.

स्थळ: पोरिरुआ
दिनांक: १४ जून २०२५